झाड कोणाचे?



सिडनीच्या पश्चिमेचे हॅरिस पार्क आज भारतीय दुकाने व खानावळींनी गजबजलेले आहे. त्याच्या शेजारीच, रोझहिल येथे, जॉन व एलिझाबेथ मॅकार्थर या दांपत्यासाठी १७९३ साली बांधलेले ‘एलिझाबेथ फार्म’ हे घर असून, १९८४ पासून ते संग्रहालय आहे. पाहणाऱ्याला खुर्चीवर बसण्यास मज्जाव नाही. बागेतही मोकळेपणी हिंडता येते. तेथे ऑलिव्हचे एक जुनाट झाड आहे. ते १८०५ मध्ये लावले असे सांगतात. पुढे १८०९ ते १८१७ पर्यंत पती परदेशी असता एलिझाबेथबाईंनीच शेती व मेंढरांचा कारभार सांभाळला.

परंतु ही जमीन मॅकार्थरांना सरकारने दिली, आणि सरकारला ती कोणी दिली? कोणीच नाही. ती बुरामट्टागल या मूळ रहिवाशांची होती. मग अशा बागेच्या सावलीत निर्धास्त मनाने बसावे काय?

कोणी म्हणेल, झाले ते झाले. कोणी म्हणेल, तेथे पाऊल ठेवणेच पाप. आपली तोरा दोन्ही वाटा नाकारते. वेढा घातलेल्या शत्रूच्या नगराचीही फळझाडे तोडू नका, अशी तिची आज्ञा आहे. कारण माणसांच्या भांडणात झाडाचा अपराध नाही. तल्मूदात होनीला खरूबाचे झाड लावणारा मनुष्य भेटतो. वाडवडिलांनी माझ्यासाठी लावले, मी नातवंडांसाठी लावतो, असे तो सांगतो. पण त्या गोष्टीत जमीन कोणाकडून हिसकावलेली नाही. तेथे लेवीय पुस्तकाची शिकवण उपयोगी पडते: भूमी परमेश्वराची, आपण तिच्यावरचे उपरे व पाहुणे.

आपण बेने इस्राएल लोकांना हे नवे नाही. कोकणात आपले पूर्वज परके असूनही तेलाचे घाणे चालवून राहिले. शब्बाथला घाणा बंद ठेवतात म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले, पण हाकलले नाही. पाहुण्याचा मान आपण तेथे भोगला. पाहुण्याचे कर्तव्य येथे विसरून चालणार नाही.

ते कर्तव्य असे: पहिल्या यजमानाचे नाव आदराने घ्यावे, मुलांना सांगावे; मिळालेले झाड जपावे; आणि ज्याचे फळ आपण खाणार नाही असे एक तरी लावावे. तू बिश्वातला मलिद्याच्या ताटात फळे मांडून आपण एलियाहू हन्नाबीचे स्मरण करतो. त्या दिवशी मुलांना ही फळे कोणाच्या भूमीत पिकली हेही सांगितले, तर बेराखाला अधिक अर्थ येईल.