मुक्तेश्वरच्या शेळ्या

आधी ताप, मग तोंडात चट्टे, मग दुर्गंधी हगवण. आठवड्या-दीड आठवड्यात भरला गोठा ओस. मराठी मुलखात या रोगाला बुळकांडी म्हणत.

युरोपने त्यावर कठोर तोड काढली. अठराव्या शतकाच्या आरंभी पोप अकरावे क्लेमेंट यांचे वैद्य लान्चिसी यांनी सांगितलं: रोगी जनावर मारा, चुन्यात पुरा. ब्रिटनमध्ये 1865 साली साथ आली तेव्हा चर्चमध्ये प्रार्थना झाल्या, पण 1866 मध्ये कत्तलीचा कायदा करावा लागला. पुढच्या वर्षी साथ संपली.

गाईला माता मानणाऱ्या देशात हा मार्ग चालण्यासारखा नव्हता. 1889 मध्ये पुण्यात सुरू झालेली सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा 1893 मध्ये, संसर्ग पसरू नये म्हणून, हिमालयात मुक्तेश्वरला नेली. तिथे 1920 च्या दशकात शास्त्रज्ञ एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा वाढवत नेला. गुरांसाठी तो सौम्य झाला आणि लस हाती आली.

गाय वाचली, पण शेळीचं काय?

जैन आचारात गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार मानतात: संकल्पी (ठरवून केलेली), आरंभी (घरकामात होणारी), उद्योगी (उपजीविकेत होणारी), विरोधी (बचावासाठी केलेली). नांगराखाली किडा मरतो ती उद्योगी. शेतकऱ्याला ती पूर्ण टाळता येत नाही. शेळीला मुद्दाम रोग टोचणं मात्र ठरवून केलेलं कृत्य आहे. हेतू कितीही चांगला असला तरी ते अटळ हिंसेच्या सदरात घालणं प्रामाणिकपणाचं नाही.

त्याच दशकात, 1928 मध्ये, साबरमती आश्रमातल्या तडफडणाऱ्या वासराला गांधीजींनी इंजेक्शन देऊन मरण दिलं आणि देशभरातून संतप्त पत्रं आली. पण ते मरण त्या वासरासाठीच होतं. मुक्तेश्वरच्या शेळीचं दुखणं दुसऱ्यांसाठी होतं. तिला त्यातून काहीच मिळणार नव्हतं. म्हणून तिचा प्रश्न अधिक अवघड. तरीही दावणीला बांधलेली लाखो मुकी जनावरं रोगाच्या हवाली करून स्वतःचे हात स्वच्छ ठेवणं, यालाही अहिंसा म्हणवत नाही. लस करायलाच हवी होती, आणि शेळीचं ऋणही मानायला हवं.

ते ऋण पुढे थोडं हलकं झालं. 1960 च्या सुमारास केनियात वॉल्टर प्लाउराइट यांनी वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर, प्रयोगशाळेतल्या बाटलीत, विषाणू वाढवून नवी लस केली. तिला शेळ्यांची साखळी लागत नव्हती. भारतात बुळकांडीचा शेवटचा उद्रेक 1995 मध्ये झाला. 2011 मध्ये सारं जग या रोगातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं.