एकट्याला पेलेल एवढं

महाप्याच्या एका डेटा सेंटरमध्ये रॅक लावायच्या कामाला लागलो, तेव्हा पहिला आठवडाभर, मला काम शिकवणाऱ्या तात्यांनी सर्व्हरला हात लावू दिला नाही. रिकाम्या रॅकसमोर उभं केलं आणि म्हणाले, "डोळे मीट. आता एक यू कुठं संपतो ते सांग."

रॅकच्या उभ्या पट्टीवर खालपासून वरपर्यंत चौकोनी भोकं असतात. सारख्या अंतरावर आहेत असं वाटतं, पण नसतात. दोन अंतरं 15.9 मिलिमीटरची, मग एक 12.7चं, पुन्हा तोच क्रम. तीन भोकांचा मिळून एक यू, म्हणजे 44.45 मिलिमीटर उंची. आणि यूची हद्द त्या अरुंद अंतराच्या मधोमध. बोट फिरवत नेलं की अंगठ्याला तो अरुंदपणा कळतो. एका भोकाची चूक झाली तर रेल वरच्या मशीनची जागा खाते, आणि ते कळतं मशीन हातात उचलून धरल्यावर.

उचलण्याचाही तात्यांचा एक नियम होता. मशीन दोघांनी धरायचं, पण जोडीदाराचा हात सुटला तर क्षणभर तरी एकट्याला पेललं पाहिजे. पेलणार नसेल तर लिफ्टर आणायचा. डिस्कांनी भरलेलं स्टोरेज असलं की ते मला विचारायचे, "मी नाही असं समज. धरशील?" मी नाही म्हटलं की स्वतः जाऊन लिफ्टर ओढत आणायचे. वयानं एवढे मोठे, पण कधी कुरकुर नाही.

ज्या रॅकची ही गोष्ट, तो 42 यूचा होता. त्यात एक यू उंचीचे 14 सर्व्हर. उरलेल्या 28 यूंपैकी प्रत्येकावर तात्यांनी ब्लँकिंग पॅनेल लावलेलं, कारण फट उघडी राहिली की मागची गरम हवा वळून पुढं येते आणि मशीन आपलाच श्वास पुन्हा ओढतं. चौदा सर्व्हर म्हणजे जवळपास साडेपाच किलोवॅट. घरातले अंघोळीचे जवळजवळ तीन गिझर एका कपाटात दिवसरात्र चालू आहेत असं समजा. ही ऊब सतत बाहेर काढत राहणं, हेच तिथलं निम्मं काम.

प्रत्येक सर्व्हरच्या मागं दोन पॉवर सप्लाय. एकाची वायर ए फीडच्या पीडीयूला, म्हणजे वीज वाटून देणाऱ्या सॉकेट-पट्टीला, दुसऱ्याची बी फीडच्या. दोन्ही फीड 32 अँपिअरचे. 80 टक्क्यांच्या वर जायचं नाही, म्हणजे पंचविशीच्या आत राहायचं. रोज सकाळी मी दोन्ही पीडीयूंवरचे आकडे वहीत उतरवायचो. 12 आणि 12.

तात्या आषाढी वारीला गेले. त्याच आठवड्यात गिऱ्हाइकाच्या साहेबांचा फोन आला, आणखी 12 सर्व्हर याच रॅकमध्ये बसवायचेत. नवीन रॅकचं भाडं त्यांना परवडत नव्हतं. जागा आहे का, हे मला विचारलं गेलं. पहिल्यांदाच कुणीतरी मला विचारत होतं, तात्यांना नाही. मी जाऊन पाहिलं. 28 यू मोकळे. आकडे 12 आणि 12, म्हणजे दोन्ही फीड निम्मेसुद्धा वापरात नाहीत. बारा सर्व्हर वाढले तर 22-23 होतील, पंचविशीच्या आतच. मी होकार कळवला, वरून सही झाली. दोन दिवसांत बारा मशीनं बसवली, रेल कुठं एका भोकानंही चुकली नाही. वायरिंग इतकं सुबक झालं की मी फोटो काढून तात्यांना पाठवला. दिंडीत असावेत, उत्तर आलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ए बाजूचा यूपीएस बिघडला. हॉलमधले सगळे रॅक बी फीडवर गेले आणि चालू राहिले. आमचाही राहिला. पण पीडीयूवर आकडा दिसत होता 45. मी तो पाहिला आणि मला अर्थ लागायला वेळ लागला. 32चा ब्रेकर 45 अँपिअरला लगेच पडत नाही. आतली पट्टी हळूहळू तापत जाते. सहा-सात मिनिटं गेली असतील. हॉलमध्ये पंख्यांचा घोष एवढा असतो की एक रॅक गप्प झालेला कानाला कळत नाही. मी मागं, गरम हवा सुटते त्या हॉट आइलमध्ये जाऊन हात धरला. तिथला वारा थांबला होता.

त्या सव्वीस मशीनांवर पतसंस्थांचं काम चालायचं. डेटाबेस तपासून पुन्हा उभा राहीपर्यंत दोन तास गेले. तेवढा वेळ कुठल्या कुठल्या गावांत माणसं पासबुक हातात घेऊन खिडकीसमोर उभी होती. मी त्यांना पाहिलं नाही, पण मला ती अजून दिसतात.

तात्या एकादशीनंतर परतले. कपाळावरचा बुक्का पुसला गेलेला, पावलं भेगाळलेली. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ते बोलले नाहीत. वही मागितली, माझे नऊ दिवसांचे आकडे पाहिले. 22 आणि 23. 23 आणि 22. मग म्हणाले, "ट्रॉली आण."

साहेबांनी दुसरा रॅक घेतला होता. आम्ही नवीन बारा मशीनं एकेक करून काढायला लागलो. सातव्या मशीनला माझा घामेजलेला हात सटकला. तात्यांनी हूं की चूं न करता ते क्षणभर एकट्यानं छातीशी धरलं. मी पुन्हा पकड घेतली, आम्ही ते ट्रॉलीवर ठेवलं आणि आठव्याकडे वळलो.

मोकळ्या यूंवर ब्लँकिंग पॅनेल बसवून झाल्यावर त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. पीडीयूंवर 12 आणि 12 होते. मी वहीत 24 लिहिलं.