धाकट्या प्रवाशाचं वेळापत्रक

परीक्षा संपून शाळांना सुट्टी लागली, की पुष्कळ घरांत दोन बेत एकदमच ठरतात. मुलांनी वर्षभर धरलेला हट्ट पुरा होतो, घरी कुत्र्याचं पिल्लू येतं. आणि त्याच सुट्टीत गावाला किंवा लांबच्या सहलीला गाडी निघते. दोन्ही बेत मायेपोटीच आखलेले असतात. सगळे घरी असताना पिल्लू आणावं, यात तर शहाणपणही आहे. पण मग महामार्गावरच्या एखाद्या हॉटेलच्या आवारात, भर दुपारी, तापलेल्या डांबरावर नव्या पट्ट्याला बांधलेलं वीतभर पिल्लू दिसतं. चटका बसतो म्हणून ते एकेक पाय उचलत असतं आणि चहा येईपर्यंत घरची माणसं कौतुकाने त्याचे फोटो काढत असतात. ही माणसं निर्दय नसतात. प्रवासाची आखणी करताना नाश्ता कुठे, जेवण कुठे, मुक्काम कुठे, सगळं ठरलेलं असतं. गाडीतल्या सगळ्यात धाकट्या प्रवाशाचं काय, हे तेवढं कुणाच्या मनात आलेलं नसतं. प्रवासाची चाल आणि थांबे त्याच्याकडे पाहून ठरवावेत, आणि ते जमण्यासारखं नसेल तर त्याला त्या प्रवासाला नेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

त्याचं वय किती असतं, ते आधी पाहू. आपल्याकडे २०१७ साली झालेल्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. म्हणजे सगळं नीट झालं तरी घरी येणारं पिल्लू जेमतेम दोन महिन्यांचं असतं. आईच्या कुशीत, भावंडांच्या अंगावर पडून झोपायची त्याची सवय कालपरवा सुटलेली असते. या वयात ते दिवसातले अठरा-वीस तास झोपतं आणि दोन-तीन तासांपलीकडे त्याला शू धरवत नाही. आता आपले नवे रस्ते बघा. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, जून २०२५ मध्ये तो पूर्ण खुला झाला आणि पूर्वी दिवस खाणारा प्रवास आठ तासांवर आला. अशा रस्त्यावर न थांबता जाण्यातच लोकांना आनंद वाटतो, आणि तो वाटावा असाच रस्ता आहे. पण रस्ता चांगला झाला म्हणून पिल्लाचं मूत्राशय मोठं होत नाही. त्याला दीड-दोन तासांनी उतरवावंच लागतं, पाणी दाखवावं लागतं, थोडा वेळ निवांत ठेवावं लागतं. त्यातून आठ तासांचे अकरा होतील, किंवा वाटेत एक मुक्काम वाढेल. तो वाढवायची तयारी आहे का, हे गाडीत बसण्याआधी घरात बोलून घ्यावं.

माणसासारखी पिल्लालाही गाडी लागते, मोठ्या कुत्र्यापेक्षा जास्तच लागते, कारण तोल सांभाळणारी कानातली यंत्रणा त्याच्यात अजून पुरती तयार झालेली नसते. ओकारी होण्याच्या बरंच आधी ते सांगू लागतं: लाळ गळते, ओठ चाटणं सुरू होतं, पुन्हा पुन्हा जांभया येतात. त्या जांभया पाहून ‘दमलंय, झोप आलीय’ असं आपण म्हणतो आणि गाडी पुढे हाकतो. बहुतेक पिल्लांचा हा त्रास वयाबरोबर जातो. मात्र पहिलाच प्रवास दिवसभर मळमळण्यात गेला, तर पुढे गाडीचं दार उघडलं की ते अंग चोरतं आणि ही भीती मोठेपणीही टिकू शकते. निघण्यापूर्वी तीन-चार तास खायला न देणं, आधीचे काही दिवस बाजारापर्यंत, मग गावाबाहेरपर्यंत अशा छोट्या फेऱ्या करणं, याला खर्च काही नाही. थोडा धीर लागतो.

उन्हाची गोष्ट मात्र धीराच्या पलीकडची आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, तोंडावाटे वाफ सोडूनच त्याला अंग थंड करावं लागतं. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तेही नीट जमत नाही. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात उभ्या बंद गाडीतलं तापमान मोजलं गेलं. तासाभरात ते सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढलं. त्यातली ऐंशी टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती, आणि काच थोडी खाली ठेवल्याने जवळजवळ काहीच फरक पडला नाही. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात बाहेरच चाळीसच्या वर पारा असतो. तिथे ‘दहा मिनिटांत येतो’ म्हणून पिल्लाला गाडीत ठेवून जाणं, हा त्याच्या जिवाशी खेळ आहे. घरच्यांनी पाळीपाळीने जेवावं. एकजण त्याला घेऊन सावलीत थांबला, तर जेवणाला वीस मिनिटं जास्त लागतात.

खरा पेच लशींचा आहे. पिल्लाच्या लशी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने द्यायच्या असतात आणि मालिका पुरी व्हायला चार महिने तरी होतात. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात. तोवर त्याला सगळ्यात मोठं भय पार्वोचं. हा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून पसरतो आणि मातीत कित्येक महिने तग धरतो. धाब्यामागची मोकळी जागा, पेट्रोलपंपाच्या कडेचं गवत, म्हणजे नेमक्या आपण पिल्लाला मोकळं सोडतो त्या जागा, वाटेवरच्या सगळ्या कुत्र्यांच्या वहिवाटीच्या असतात. मग त्याला चार महिने घरात कोंडावं का? तसंही नाही. कुत्र्यांच्या वाढीचा अभ्यास करणाऱ्या स्कॉट आणि फुलर यांनी १९६५ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिलं, की तीन ते बारा आठवड्यांच्या सुमारास पिल्लू जगाशी ओळख करून घेतं. त्या दिवसांत जे दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याला ते पुढे बिचकत राहतं. जग दाखवायचे आणि जमिनीवर न ठेवायचे दिवस असे एकाच वेळी येतात. यातून वाट आहे ती कडेवरची. चौकात, बाजारात, बसथांब्याजवळ त्याला कडेवर घेऊन उभं राहावं. खाली उतरवायचं ते ओळखीच्या स्वच्छ अंगणात. अशी दहा-पंधरा मिनिटं रोज मिळाली, तर त्याला जे कळतं ते सातशे किलोमीटरच्या प्रवासात कळत नाही. आणि प्रवास टळतच नसेल, तर निघण्यापूर्वी पशुवैद्यांना विचारावं, घरची चादर आणि जुनी वर्तमानपत्रं बरोबर घ्यावीत, वाटेत त्याची शू-शी त्यांवरच उरकावी.

यावर काहीजण म्हणतात, रस्त्यावरची पिल्लं वाढतातच ना, एवढे लाड कशाला? वाढतात ती आपल्याला दिसतात, म्हणून असं वाटतं. आयसर कोलकाताच्या संशोधकांनी पश्चिम बंगालमध्ये रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं होतं. त्यातली १९ टक्केच वयात येईपर्यंत जगली, आणि बऱ्याच मृत्यूंमागे माणसाचा हात होता. रस्त्याने पिल्लांना काटक केलं म्हणताना उरलेली ८१ टक्के आपल्या हिशेबात नसतात.

दुसरा आक्षेप मायेचा आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ते आता घरचं आहे, त्याला मागे ठेवून जायचं कसं? कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथात बसायला नकार देणाऱ्या युधिष्ठिराची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकलेली असते. पण तो कुत्रा आपल्या पायांनी, आपल्या मर्जीने त्याच्या मागे आला होता. पिल्लाला मर्जी विचारलेली नसते. त्याच्यासाठी घर म्हणजे ओळखीचा कोपरा, ठरलेली वाटी, ठरलेल्या वेळा. तो कोपरा तसाच राहिला आणि आजी, मावशी किंवा सवयीचे शेजारी तिथे येऊन राहिले, तर चार दिवस ते आनंदात काढील. किंवा या वेळी घरातल्या कुणी तरी मागे राहावं. ‘मुलं हिरमुसतील’ असं म्हटलं जातं. हिरमुसतीलही. पण पिल्लाला का नेत नाही, हे समजावून सांगितलं तर सात-आठ वर्षांच्या मुलाला ते नक्की कळतं. आणि नेणारच असाल तर जांभया मोजण्याचं, पाण्याची आठवण देण्याचं काम त्याच्यावर सोपवा, मोठ्यांपेक्षा ते चोख होतं.

आणि ज्यांच्या घरी अजून पिल्लू यायचंच आहे, सहलीची तारीख मात्र पक्की झाली आहे, त्यांच्यासाठी तर सगळ्यात सोपं उत्तर आहे. पिल्लाला आईपाशी आणखी दोन आठवडे राहू द्या. दहा आठवड्यांचं झाल्यावर आणलं तरी ते घरात तितकंच रुळतं. आधी गावाला जाऊन या, आणि परत आल्यावर, सुट्टीचे काही दिवस हाताशी ठेवून, त्याला आणायला सगळे मिळून जा.