उशाशी

आमच्या रत्नागिरीच्या घरी दिवाळीची चाहूल लागते ती अनारशांच्या तांदळापासून. तांदूळ तीन दिवस भिजत पडायचे, रोज त्यांचे पाणी बदलायचे. पण म्हणून घरची गृहिणी तीन दिवस पातेल्यापाशी बसून राहत नाही. तोवर भाजणी गिरणीतून दळून येते, चिवड्याचे पोहे उन्हात पडतात. हात दोनच, पण ते कोठे लागतात आणि कोठे लागत नाहीत, हे तिला पक्के ठाऊक असते.

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारा माझा पुतण्या परवा हे पाहून म्हणाला, "काका, आम्हीही हेच करतो." 'पायथॉन' नावाच्या संगणकभाषेत २०१५ साली यासाठी 'असिंक' आणि 'अवेट' हे दोन खास शब्द आले. समजा, तीन ठिकाणांहून माहिती मागवायची आहे. एकीला दोन सेकंद लागतात, दुसरीला तीन, तिसरीला पाच. एकीमागून एक मागवली तर दहा सेकंद. तिन्ही मागण्या एकदम धाडल्या तर पाचाच्या आसपास काम उरकते. यंत्र एका वेळी एकच काम करीत असते. फक्त जे काम दुसऱ्याच्या उत्तरासाठी अडले आहे, त्याच्या उशाशी ते बसून राहत नाही.

'उशाशी' हा शब्द माझा, आणि तोच मला टोचला. गेल्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले होते. बोलता बोलता ते थांबत. शब्द आठवायला त्यांना वेळ लागे. तेवढ्यात मी मोबाइलवर एखाद्या पत्राचे उत्तर लिहून मोकळा होई. एकदा त्यांना शब्द सापडला, तेव्हा माझी मान खाली होती. "असू दे, तुझं होऊ दे," ते म्हणाले. पुढे ते गेले. सांगायचे होते ते राहूनच गेले.

आपण उठून गेल्याचे तांदळाला कळत नाही, माणसाला कळते. वाट पाहण्यातला रिकामा वेळ कारणी लावणे हे शहाणपण खरेच. पण माणसापाशी तो वेळ रिकामा नसतो. तोच तर आपण त्याला देत असतो.

पुतण्याने आणखी एक गोष्ट सांगितली. कामे सुरू करणे सोपे. पण शेवटी त्यांच्यासाठी थांबायचे, हे लिहायला विसरले तर आज्ञावली आपली आटोपते आणि अर्धी कामे तशीच टाकली जातात.

यंदा नरकचतुर्दशीच्या पहाटे मुंबईची गाडी एकेरी रुळावर समोरच्या गाडीसाठी कोठेतरी खोळंबेल, पोह्यांची ताटे मांडलेली असतील. मी ओटीवर बसून मुलांची नुसती वाट पाहणार आहे.