दंतवैद्याचा स्वधर्म

स्वधर्म सदोष वाटला तरी तो सोडू नये, असे गीता तिसऱ्या अध्यायात सांगते आणि अठराव्यात पुन्हा बजावते. जो मनुष्य लोकांच्या अधिक उपयोगी पडावे म्हणून आपला व्यवसाय सोडून दुसरा पत्करू पाहतो, त्याच्या वाटेत हेच वचन अडसरासारखे उभे राहते. त्याने चांगल्या हेतूने केलेला बदल हाही परधर्माचा स्वीकारच समजावयाचा काय? प्रश्न जुना आहे. परंतु आजच्या व्यवहारात तो नव्या रूपाने पुढे येतो.

बंगळूरच्या पूर्वेकडील मारतहळ्ळीचेच उदाहरण घ्यावे. ‘हळ्ळी’ म्हणजे कन्नडमध्ये खेडे; पण वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४० साली निघालेला विमानांचा कारखाना जवळच आला आणि पुढे संगणकाच्या कचेऱ्या आल्या, तेव्हा खेडेपण केवळ नावापुरते उरले. अशा वस्तीत बत्तीस वर्षे वयाचा एक मराठी दंतवैद्य कल्पावा. दिवसभर तो किडलेले दात कोरतो, त्यांत सिमेंट भरतो, म्हाताऱ्यांच्या कवळ्या बसवितो. एखाद्या रात्री छातीत कळ आलेला शेजारी ‘डॉक्टर’ म्हणून त्याचेच दार ठोठावतो, आणि त्याला रुग्णालयात धाडण्यापलीकडे याच्या हातून फारसे काही होत नाही. त्या रात्रीपासून त्याच्या मनात येते, की आपण सर्व देहाचे वैद्यक शिकावे.

ही इच्छा स्वस्त नाही. दंतवैद्यकाची पदवी चार वर्षांची, वर एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे. वैद्यकाची साडेचार वर्षांची, वर तसेच एक वर्ष. दंतवैद्यकाच्या पदवीधराला मधल्या वर्षात प्रवेश मिळत नाही. अठरा वर्षांच्या मुलांबरोबर तीच प्रवेशपरीक्षा देऊन पहिल्या पायरीपासून चढावे लागते. त्या परीक्षेची कमाल वयोमर्यादा २०२२ साली उठली, म्हणून दार उघडे आहे एवढेच. आत गेल्यास साडेपाच वर्षे प्राप्ती जवळजवळ बंद. घरी वृद्ध आईवडील, लहान मूल आणि दवाखान्यासाठी काढलेले कर्ज.

आता गीतेकडे वळावे. युद्ध टाकून भिक्षेवर जगावे असे अर्जुनाला वाटले. भिक्षावृत्ती वरकरणी युद्धाहून सात्त्विक. तरीही भगवंतांनी त्या विचाराचे कौतुक केले नाही. कारण तो विचार वैराग्यातून आला नव्हता, विषादातून आला होता. यावरून पहिली गोष्ट निष्पन्न होते ती अशी, की नवे कर्म अधिक थोर दिसते एवढ्यावरून जुने सोडण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मोहाने केलेला त्याग तामस, देहाला कष्ट होतात म्हणून केलेला राजस, आणि नियत कर्म करीत असतानाच आसक्ती व फळ सोडणे हा सात्त्विक. आमच्या दंतवैद्याने आपली इच्छा या निकषावर घासून पाहावी. समाज आपल्याला ‘अर्धा डॉक्टर’ समजतो या सलाने तो निघाला असेल, तर तो मोह आहे. ती लाज नव्या पदवीबरोबरही त्याच्या मागे येईल. कारण वैद्यकातही कोणी हृदयाचा, कोणी मेंदूचा, अशा वरच्या पायऱ्या आहेतच.

परंतु येथे एक आक्षेप रास्त आहे. दंतवैद्यक हा त्याचा स्वधर्म केव्हा होता? सतराव्या-अठराव्या वर्षी काही गुण कमी पडले आणि यादीने त्याला तिकडे ढकलले. गुणांची यादी म्हणजे स्वभाव नव्हे. हे खरे; पण अर्धेच खरे. स्वभाव जसा कर्म निवडतो, तसे दीर्घकाळ केलेले कर्मही स्वभाव घडविते. आठ वर्षे भीत भीत तोंड उघडणाऱ्यांना धीर देता देता त्याच्या हाताला जे मार्दव आले, ते कोणत्याही यादीने दिले नव्हते. शिवाय हे कर्म क्षुद्रही नाही. तंबाखूने ग्रासलेल्या या देशात तोंडाच्या कर्करोगाचा पहिला डाग पुष्कळदा दंतवैद्यालाच दिसतो, आणि मधुमेह व हिरड्यांचा रोग हे एकमेकांना बळ देतात.

प्राचीनांनी तर ही फाळणी अशी केलीच नव्हती. सुश्रुताने मुखरोग पासष्ट मानले, त्यांत दातांचे आठ आणि दंतमूलांचे पंधरा. आणि कान, डोळे, नाक व मुख यांची चिकित्सा शालाक्य या नावाने आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अंग म्हणून गणली गेली. अंग निराळे, शास्त्र एकच. म्हणून दंतवैद्याने वैद्य होणे हे क्षत्रियाने भिक्षू होण्यासारखे नव्हे. रोग्याची सेवा हा धर्म तोच राहतो; त्याचे क्षेत्र विस्तारते.

विस्ताराला मात्र निःस्पृहता लागते. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टनच्या रुग्णालयात ईथरची गुंगी देऊन शस्त्रक्रिया निर्वेदन करून दाखविणारा विल्यम मॉर्टन हा दंतवैद्यच होता. त्याच्या हातून जगावर केवढा उपकार घडला! पण त्याच वर्षी त्याने त्या युक्तीचे पेटंट घेतले, आणि पुढे १८६८ साली मृत्यू येईपर्यंत श्रेय व मोबदला यांच्या वादात त्याचे आयुष्य करपले. उलट आल्बर्ट श्वाइट्झर हे धर्मशास्त्र आणि संगीत यांत नाव मिळविलेले असताना १९०५ साली, तिशीत, वैद्यक शिकावयास बसले आणि १९१३ साली आफ्रिकेतील लाम्बारेने येथे रोग्यांच्या सेवेस गेले. मॉर्टनचे कर्म लहान नव्हते. त्याला बांधले ते फळाने. श्वाइट्झर यांनी व्यवसाय बदलला. पण त्यांचा बदल पलायन ठरला नाही.

तेव्हा निर्णय पदवीच्या नावावर अवलंबून नाही. ज्याला जावयाचे आहे त्याने आधी हाती घेतलेल्या रोग्यांचे उपचार पुरे करावे किंवा योग्य हाती सोपवावे. आईवडिलांची व मुलाची तरतूद पाहावी. आपल्या साडेपाच वर्षांचा भार जिने उचलावयाचा त्या पत्नीची संमती मनापासून मिळाली आहे का, हे तपासावे. आणि आपल्याहून लहानांबरोबर बसून, कदाचित आपल्याहून लहान असलेल्या गुरूला नम्रपणे प्रश्न विचारण्याची तयारी ठेवावी. एवढे करूनही प्रवेश मिळाला नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या रोग्याचा दात तो पूर्वीच्याच प्रेमाने पाहू शकेल काय? उत्तर होकारार्थी असेल, तर त्याने निर्भयपणे परीक्षेस बसावे. नकारार्थी असेल, तर वैद्यक शिकण्यापूर्वी त्याला आणखी काही शिकावयाचे आहे, आणि त्याची पाठशाळा त्याचा दवाखाना हीच आहे.