बापाचे ओझे लेकराच्या खांद्यावर

सोलापुरात रिक्षावाल्याला ‘सेटलमेंट’ एवढेच सांगितले तरी पुरते. आम्ही हा शब्द लहानपणापासून ऐकत आलो. त्याचा अर्थ काय, असे मात्र कधी विचारले नाही. वडीलधारी माणसे म्हणत, ‘तिकडं जाऊ नका रे, ती माणसं तसली आहेत.’ ‘तसली’ म्हणजे कसली, हेही आम्ही विचारले नाही.

त्या ‘तसली’चा जन्म कायद्यातून झाला आहे. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, 1911 च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि 1924 मध्ये पुन्हा नव्याने आला. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींची नावे सरकारने कागदावर लिहिली आणि त्या जमातीत जन्मलेले मूल जन्मतःच संशयित ठरले. सोलापूरच्या वसाहतीला तारेचे कुंपण होते. आतल्या माणसांनी ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवानगीवाचून बाहेर पडायचे नाही, आणि गिरण्यांत मजुरी करायची. सहा ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून तोडून वेगळी ठेवण्याची मुभा त्या कायद्यात होती. ठराविक गुन्ह्यांत तिसऱ्यांदा शिक्षा झाली, तर जन्मठेप काळ्या पाण्याची.

समुद्रापार पाठवण्याची ही रीत इंग्रजांनी प्रथम आपल्या घरच्या गरिबांवर चालवली होती. 1791 मध्ये आयर्लंडहून कैद्यांचे पहिले जहाज थेट सिडनीला गेले. त्यानंतर साठेक वर्षे वाटमारी, घरफोडी, मेंढीचोरी अशा गुन्ह्यांसाठी कोवळी पोरेही तिकडे धाडली गेली. टास्मानियात पॉइंट प्युअर येथे 1834 ते 1849 पर्यंत केवळ मुलग्यांसाठी तुरुंग होता. त्यातली काही तर दहा वर्षांचीही नव्हती. शिक्षा क्रूरच होती. पण तिथे निदान न्यायाधीश त्या पोराला विचारत होता, ‘तू काय केलेस?’ आमच्या सोलापुरात प्रश्न एवढाच होता, ‘तू कुणाचा?’

या दोन प्रश्नांमध्ये साऱ्या न्यायाचा फरक आहे. प्रत्येकाने आपापल्या करणीचाच हिशेब द्यायचा आहे, असे कुरआनने वारंवार बजावले आहे. हजरत उमर (रजि.) यांच्यापुढे हातिब यांच्या घरचे गुलाम आणले गेले. त्यांनी दुसऱ्याची उंटीण चोरून कापून खाल्ली होती. ते उपाशी ठेवले जातात, हे उमर यांच्या लक्षात आले. त्यांनी हात तोडण्याची शिक्षा थांबवली आणि उंटिणीच्या दुप्पट किंमत मालकाकडून भरून घेतली. चोराच्या आधी त्यांनी भुकेची चौकशी केली. ती भूक कुणी लादली, हेही विचारले.

ही कथा आम्ही अभिमानाने सांगतो. पण गुन्हेगार ठरवलेल्या जमातींत छप्परबंद हे आपले मुसलमान बांधवही होते. त्यांच्याविषयी आपल्या मोहल्ल्यांत कितीदा बोलणे होते? सोयरीक जुळवताना त्यांच्या घरी किती जण जातात?

आज संशयाचे चटके आपणही सोसतो. कुठे काही घडले, की नाव ऐकून घर भाड्याने मिळत नाही. शेकडो मैलांवरच्या कुणाच्या करणीचा जाब आपल्या पोराला वर्गात द्यावा लागतो. ‘एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्यांना का धरता?’ असे आपण तळमळून विचारतो. प्रश्न खराच आहे. पण तो फक्त आपल्यापुरता विचारला, तर ती नुसती तक्रार होते. पारध्याच्या लेकरासाठीही विचारला, तरच तो न्यायाचा प्रश्न होतो.

31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा देशभरातून गेला. पुढे 1959 मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि पोलिसांची नजर बऱ्याच अंशी त्याच वस्त्यांवर राहिली. सोलापुरातले तारेचे कुंपणही गेले. ‘तिकडं जाऊ नका रे’ हे वाक्य मात्र घराघरांत उरले. ते कोणत्याही सरकारने आपल्या तोंडी घातलेले नाही. पुढच्या वेळी घरातले कुणी ते बोलू लागले, तर त्याला तिथेच थांबवणे एवढे तरी आपल्या हातात आहे.