तो वेश घेऊन आला नाही

प्रभूच्या प्रकटीकरणाचा रविवार
वाचने : यशया 60:1-6, इफिसकरांस 3:2-3, 5-6, मत्तय 2:1-12



आज तीन राजांचा सण. नाताळपासून गोठ्याच्या एका कोपऱ्यात थांबलेले तिन्ही राजे आज बाळ येशूच्या पायाशी येऊन पोहोचले आहेत. मिस्सा झाल्यावर मुलांना घेऊन गोठ्याजवळ जरा थांबा. त्या तिघांतला एक राजा काळ्या वर्णाचा आहे. आज मला त्याच्याविषयी बोलायचं आहे, आणि एक कबुलीही द्यायची आहे.

नाताळच्या आठवड्यात आपल्या हॉलमध्ये मुलांची फॅन्सी ड्रेस स्पर्धा झाली. देवदूत आले, मेंढपाळ आले, मदर तेरेसा आल्या, शेतकरी आला. सगळी मुलं गोड दिसत होती. मात्र सर्वांत जास्त हशा आणि टाळ्या मिळाल्या त्या दोन वेशांना. पहिला वेश काळ्या राजाचा. त्या लेकराचा सगळा चेहरा काळ्या रंगाने माखला होता आणि ओठ लिपस्टिकने मोठे करून रंगवले होते. दुसरा वेश ‘आदिवासीं’चा. चार मुलं अंगाला कोळशाची पूड फासून, कमरेला पानं बांधून, डोक्यात पिसं खोवून आली आणि हिंदी सिनेमात पाहिलेल्या आरोळ्या ठोकत स्टेजभर नाचली. पहिलं बक्षीस त्यांना मिळालं. ते मी माझ्या हाताने दिलं. इतरांबरोबर मीही हसलो होतो.

हॉलच्या दाराशी एक बाई आपल्या लहान मुलीला घेऊन उभी होती. ती वारली समाजातली आहे. आपल्यापैकी काहींच्या वाडीत ती भाजी खुडायला, पाणी लावायला येते. दुसऱ्या दिवशी भेटली तेव्हा मी सहज विचारलं, “काय, कसा वाटला कार्यक्रम?” ती म्हणाली, “चांगला झाला, फादर. पोरगी इचारत होती, आपण असे कधी ओरडतो? मी सांगितलं, ते नाटकातलं.” एवढं बोलून ती कामाला लागली. तिने तक्रार केली नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता कोणी म्हणेल, “फादर, लहान मुलं आहेत, गंमत केली. त्यांच्या मनात काय पाप असणार?” अगदी खरं आहे. मुलांच्या मनात काहीच नव्हतं. ज्या आईबापांनी रात्र जागून कपडे शिवले, त्यांच्याही मनात वाईट नव्हतं. म्हणून मी कोणाला दोष देत नाही. मात्र मनात वाईट नसतानाही आपल्या हातून दुसऱ्याला लागू शकतं. गर्दीत आपला पाय कोणाच्या पायावर पडला, तर “मी मुद्दाम नाही दिला” असं म्हणून आपण तिथेच उभे राहत नाही. आधी पाय काढून घेतो.

आजच्या शुभवर्तमानाकडे वळू या. संत मत्तय ‘तीन’ हा आकडा देत नाही, ‘राजे’ असंही म्हणत नाही. पूर्वेकडून ज्ञानी लोक आले, एवढंच तो सांगतो. सोनं, ऊद आणि गंधरस ही दानं तीन, म्हणून परंपरेने माणसंही तीन मानली. गास्पार, मेल्खियोर आणि बाल्थाजार ही नावंही परंपरेने दिली. पुढे चित्रकारांनी त्यांतल्या एकाला आफ्रिकेचा राजा म्हणून रंगवलं. का बरं? कारण त्यांना सांगायचं होतं की बेथलेहेमचा गोठा कोणा एका वंशाच्या मालकीचा नाही. जगातले सगळे लोक तिथे येतात, आणि आपापल्या रंगरूपासह, मान ताठ ठेवून येतात. आजच्या दुसऱ्या वाचनात संत पौल हेच सांगतो : परराष्ट्रीय लोकही ख्रिस्तामध्ये आपल्याबरोबरीचे वारस आहेत.

म्हणजे काळा राजा गोठ्यात आला तो सन्मानाने. आणि आपण त्याला स्टेजवर आणला तो हशासाठी! त्याच्या हातातली भेट कोणाच्या लक्षात राहिली नाही, त्याचे रंगवलेले ओठ राहिले. नाटक बसवताना काळा राजा व्हायला कुठलंच मूल चटकन तयार होत नाही, हेही मी पाहिलं आहे. हे त्यांना कोणी शिकवलं? बाळ जन्मलं की “रंगाने कोणावर गेलंय?” असं आपण विचारतो. लग्नाची मुलगी ‘गोरी’ हवी असते. सावळ्या लेकराला घरातच टोपणनाव पडतं. चेहऱ्याचा रंग कार्यक्रमानंतर साबणाने धुऊन निघतो, पण मुलांच्या मनावर चढलेला रंग इतक्या सहज निघत नाही.

अशीच एक गोष्ट हॉलंड देशात घडली आहे, आणि तीही एका संताच्या सणाला. तिथे 5 डिसेंबरच्या संध्याकाळी संत निकोलसच्या नावाने मुलांना भेटी देतात. त्याच्याबरोबर ‘काळा पीट’ नावाचा नोकर असे. गोरी माणसं तोंडाला काळा रंग, ओठांना लाल रंग लावून आणि कुरळ्या केसांचा टोप घालून पीट होत. हॉलंडने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी 1863 साली बंद केली. त्या गुलामांचे वंशज आज हॉलंडचे नागरिक आहेत. ते म्हणत राहिले, “तुमच्या या गमतीत आमच्या मुलांना शाळेत चिडवलं जातं.” पुष्कळांना राग आला. “आमची जुनी प्रथा आहे, मुलांचा सण आहे,” असं ते म्हणाले. खूप वर्षं वाद चालला. अखेर 2019 साली राष्ट्रीय मिरवणुकीत धुराड्यातून उतरल्यामुळे गालाला थोडी काजळी लागलेले पीट तेवढे आले, काळे रंगवलेले नाहीत. सण बंद पडला नाही. मुलांना भेटी मिळाल्याच. फक्त काही मुलांचं दुःख कमी झालं.

हे आपल्याला समजायला खरं तर जड जाऊ नये. आपण ख्रिस्ती लोकांनी हे भोगलं आहे. कित्येक वर्षं हिंदी सिनेमातला ख्रिस्ती माणूस कसा असायचा, आठवा. हातात बाटली, झोकांड्या, मोडकं हिंदी आणि गळ्यात भला मोठा क्रूस. ख्रिस्ती मुलगी म्हणजे तोकडा फ्रॉक आणि क्लबातला नाच. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मधला अँथनी मनाचा मोठा होता, पण धंदा मात्र त्याला दारूच्या गुत्त्याचाच दिला. थिएटरात लोक हसायचे आणि आपण खुर्चीत अवघडून बसायचो. आपला बाप पहाटे उठून वाडीत राबायचा. आपली आई लाल लुगडं नेसून डोक्यावर टोपली घेऊन बाजार गाठायची. घरात संध्याकाळी रोझरी व्हायची. त्यातलं काहीच पडद्यावर नसायचं. तेव्हा आपण म्हणायचो, “आम्ही असे नाही हो!” त्या दारातल्या लहान मुलीने वेगळं काय विचारलं? दुसऱ्यांनी आपल्याशी जसं वागावं असं आपल्याला वाटतं, तसंच आपण त्यांच्याशी वागावं, ही प्रभूची आज्ञा (मत्तय 7:12) फॅन्सी ड्रेसलाही लागू आहे.

आणि वारली माणूस खरा कसा आहे? तो डोक्यात पिसं खोवून आरोळ्या ठोकत हिंडत नाही. लग्नघरी त्यांच्या सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. ती चित्रं आज आपल्या पडद्यांवर, कपबशांवर, अगदी लग्नपत्रिकांवरही दिसतात. डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगभर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 साली ते वारले. दुधी भोपळा, बांबू आणि मेण यांपासून बनवलेल्या तारप्याच्या सुरावर वारली बायका-पुरुष गोल धरून नाचतात. याच समाजाने 1945 साली जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. हे सगळं आपल्याच पालघर जिल्ह्यातलं आहे, आपल्या शेजारचं. त्यांचं चित्र आपण भिंतीवर लावतो, त्यांच्या श्रमाची भाजी खातो, आणि मुलांना त्यांच्याविषयी शिकवतो काय, तर पानं आणि आरोळ्या!

मग काय, दुसऱ्याचा पोशाख कधी घालायचाच नाही? मी तसं म्हणत नाही. मदर तेरेसा युरोपातून आल्या. 1948 साली त्यांनी निळ्या काठाची साधी पांढरी साडी अंगावर घेतली आणि कोलकात्याच्या गरीब वस्तीत गेल्या. ती साडी त्या मरेपर्यंत नेसल्या. त्यांना कोणी सोंग म्हटलं नाही. का? कारण साडीबरोबर त्यांनी त्या लोकांचं दुःखही अंगावर घेतलं. नुसता पोशाख उचलून हशा मिळवायचा, की त्या माणसांना जाणून, मान देऊन तो नेसायचा, हा फरक आपण लक्षात ठेवू या.

पवित्र शास्त्रातही एका वेषांतराची गोष्ट आहे. पिलाताच्या शिपायांनी येशूचे कपडे काढले, त्याला किरमिजी झगा घातला, काट्यांचा मुकुट ठेवला, हातात वेत दिला आणि त्याच्यापुढे गुडघे टेकून ते हसले (मत्तय 27:27-31). त्यांच्या दृष्टीने तीही गंमतच होती. ज्याची चेष्टा करत होतो तो कोण आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आपणही लहानग्यांपैकी कोणाला हसतो, तेव्हा समोर कोण उभा आहे हे आपल्याला ठाऊक असतं का?

बंधू-भगिनींनो, नाताळचं मर्म हेच आहे. ख्रिस्तसभेच्या सुरुवातीच्या काळात काही जण शिकवत असत की येशू खरा माणूस नव्हता, देवाने माणसाचा नुसता आभास धारण केला होता. ख्रिस्तसभेने ही शिकवण ठामपणे नाकारली. शब्द देही झाला, असं संत योहान सांगतो (योहान 1:14). देव माणसाचा वेश घेऊन आला नाही, तो माणूस झाला. कार्यक्रम संपल्यावर त्याने आपलं माणूसपण उतरवून ठेवलं नाही. भूक, घाम, अपमान आणि मरण, सगळं त्याने स्वीकारलं. आणि स्नानसंस्कारात आपण ख्रिस्तालाच परिधान केलं आहे (गलतीकरांस 3:27). तो वेश अंगावर असताना दुसऱ्याचा देह हा आपला तमाशा कसा होईल?

पुढच्या कार्यक्रमांसाठी काही साध्या गोष्टी ठरवू या. मुलांना कोणताही पोशाख घाला, पण कातडीला रंग नको. आफ्रिकेतल्या संत जोसेफिन बखिता यांचा वेश करायचा असेल, तर सिस्टरांचा झगा पुरेसा आहे. लहानपणी गुलाम म्हणून विकली गेलेली ही सुदानची मुलगी 2000 साली संत म्हणून घोषित झाली. तिची गोष्ट मुलाला पाठ असू द्या. काळा राजा कोणत्याही रंगाच्या मुलाला होता येतं, त्याला फक्त मुकुट आणि भेट लागते. वेश कोणाचाही असो, स्वतःला विचारा : ती माणसं पहिल्या रांगेत बसलेली असती, तर आपण हेच केलं असतं का? आणि घरी जाऊन मुलांवर रागावू नका. त्यांनी आपल्याकडे पाहूनच हे शिकलं आहे. त्यांना जवळ घेऊन सांगा.

मी त्या बाईला जाऊन भेटलो. “माझं चुकलं” असं म्हणालो. ती लाजली, “असू द्या फादर” म्हणाली. पुढच्या नाताळात तिच्या पाड्यातल्या मुलांना आपल्या हॉलमध्ये बोलवायचं माझ्या मनात आहे, आणि तेव्हा त्यांना दाराशी उभं राहावं लागू नये. त्यांची इच्छा असेल तर त्यांनी तारपा वाजवावा, आपल्या मुलांनी त्यांच्याकडून तो नाच शिकावा आणि त्यांचा हात धरून नाचावा. यासाठी आपणा सर्वांची साथ हवी.

ते ज्ञानी लोक बाळाला पाहून दुसऱ्या वाटेने आपल्या देशी गेले. गोठ्यापाशी नमन केल्यावर आपली वाटही बदलो, ही प्रार्थना. प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू